वैशाखातला नाताळ आणि साळूबाईचा पाळणा

नाताळ वैशाखात येतो, हे मला ग्रामोफोनच्या कंपनीत चिकटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तबकड्या डिसेंबरात विकायच्या, तर त्या कलकत्त्याच्या कारखान्यात दिवाळीच्या आत निघाल्या पाहिजेत, आणि त्या निघायच्या तर गाणी उन्हाळ्यातच भरून घेतली पाहिजेत. म्हणजे जगानं आंबे चोखायचे आणि आम्ही येशूच्या जन्माची वाट पाहायची.

गाणं भरायची तऱ्हा अशी. गाणाऱ्यानं पत्र्याच्या लांबलचक भोंग्यासमोर तोंड धरून गायचं. भोंग्याच्या मागच्या टोकाला एक सुई असते, ती मेणाच्या जाड चकतीवर गाणं कोरत बाहेरून आत सरकते. मग ती चकती कलकत्त्याला जाते आणि तिच्यावरून दुकानात विकायच्या तबकड्या निघतात. एका चकतीत तीन मिनिटं मावतात. त्यापुढं साहेबानं यंत्राच्या दांडीवर तांबडी रेघ मारलेली होती. रेघेच्या आत सुई गेली की गाणं फुकट, कारण तबकडीवर तिथं कागदाची गोल टिकली चिकटवतात, गाण्याचं नाव लिहिलेली.

आता वैशाखात पुण्यात मेण घट्ट राहतं असं ज्याला वाटतं, त्यानं बुधवार पेठेतल्या आमच्या माडीवर एक दुपार काढावी. पहिल्याच दिवशी चकती मधोमध खोलगट झाली, वरण वाढावं अशी. गाणी भरणाऱ्या साहेबानं ती उचलून माझ्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "यात मी नाताळ भरू की आमटी?" (साहेबाचं नाव इतकं लांबलचक होतं की आम्ही नुसतं साहेबच म्हणायचो.) दुसऱ्या दिवशी आमचं बिऱ्हाड लोणावळ्याला निघालं. मी, साहेब, भोंगा, यंत्र आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या आठ चकत्या. हुकूम होता दोन गाण्यांचा: नाताळचं एक देवाचं आणि एक मजेचं. गाणारे हुडकायचं काम माझ्याकडे, आणि साहेबाचं इंग्रजी माणसांना व माणसांचं मराठी साहेबाला सांगायचं कामही माझ्याकडेच. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेल्या माणसाला यापेक्षा मोठी जबाबदारी कोण देणार!

लोणावळा, मंगळवार

लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरलं की पहिल्यांदा वाटतं, पुण्यात आपण काय झक मारत होतो? झाडाखाली सावली असते, आणि ती खरोखर थंड असते. डोंगरातल्या ठाकरांच्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलेल्या. फलाटावर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणारे ओरडत होते. साहेबानं मोठ्या हौसेनं गुडदाणीचा तुकडा घेतला, कडाड्कन चावला आणि त्याच्या दाढेतला विलायती दंतवैद्यानं भरलेला सोन्याचा कण गुळात रुतून बाहेर आला. पुढचे चार दिवस साहेब डाव्या बाजूनं जेवला आणि उजव्या बाजूनं माझ्यावर ओरडला.

मजेच्या गाण्याला मी धोंडूभाऊला धरून ठेवलं होतं. धोंडूभाऊ वडिवळ्याचा शेतकरी, भात काढून झालं की रेल्वेच्या कामावर जायचा. नाताळ म्हणजे त्याच्या लेखी बडा दिन, आणि बडा दिन म्हणजे डाली. साहेबलोकांच्या बंगल्यावर ठेकेदार त्या दिवशी फळं, कोंबड्या, मिठाई भरून टोपल्या पाठवतात, त्यांना डाली म्हणतात. ती डोक्यावर वाहून धोंडूभाऊच्या मानेला बाक आला होता. त्यावर त्यानं स्वतःच गाणं रचलं होतं:

डोईवर डाली, बंगला गाठला,
कोंबडा माझा वाटंतच सुटला!

गाणं फक्कड. अडचण एवढीच की गाण्यात साहेब आला की धोंडूभाऊ कमरेतून वाकून मुजरा करी, आणि त्याचा आवाज भोंग्यात जाण्याऐवजी सतरंजीत जाई. दोन चकत्या अशा वाया गेल्या.

"भाऊ, वाकू नका," मी म्हटलं.

"सायबाचं नाव घ्याचं आन् ताठ ऱ्हायाचं? लय अवघड काम हाय."

शेवटी साहेबानं त्याला त्याच्याच उपरण्यानं, आम्ही उतरलो होतो त्या बंगल्याच्या खांबाला बांधला. तिसरी चकती झकास उतरली. बांधलेल्या माणसाच्या तोंडून इतकं आनंदी गाणं मी पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. सुटल्यावर तो म्हणाला, "पाठीला लय आराम पडला." एक जादाची प्रत हवी म्हणून साहेबानं त्याला पुन्हा बांधून चौथी चकती भरली. चार उरल्या.

लोणावळा, बुधवार

देवाच्या गाण्यासाठी सगळ्यांनी एकच नाव सांगितलं होतं, मार्थामावशी. रेल्वेच्या चाळीत एका खोलीत राहणारी, साठीकडे झुकलेली ख्रिस्ती सुईण. लोणावळ्यापासून कामशेतपर्यंत निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली, हिंदूंची, ख्रिस्त्यांची, ठाकरांची, सगळ्यांची. साहेबाला घेऊन मी गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून चिंचा फोडत होती.

नाताळचं गाणं हवं म्हटल्यावर तिनं हातातला बत्ता खाली ठेवला.

"म्हैना न्हाई झाला, त्याला क्रुसावर चडवला, उतरीवला, पुरला, तिसऱ्या दिशी उटवला. जरा दम खाऊ द्या की त्याला! लगीच जल्म घ्यायचा व्हय?"

मी कारखान्याची अडचण सांगितली. तिला ती पटली, कारण वेळेआधी येणारी पोरं तिनं पुष्कळ पाहिली होती.

मग शेजारणीचं पोर पायावर आडवं टाकून, पाय हलवत तिनं तो पाळणा म्हटला. माझी मान आपोआप डोलायला लागली. बारशाला म्हणतात तसाच पाळणा, दिवसादिवसाचा, बारा दिवसांचा. पहिल्या दिवशी गोठ्यात उजेड पडतो, दुसऱ्या दिवशी मेंढपाळ येतात आणि बाळंतिणीला दूध देतात, तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावून न्हाऊ घालतात. आणि पाचव्या दिवशी?

पाचव्या दिवशी सटवाई आली,
लिहिलेलं कपाळ पाहून गेली,
जो जो रे जो

मी खो खो हसलो. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. पण ती बेथलेहेमपर्यंत तंगडतोड करून जाते, तिथं बघते तर कपाळ आधीच वरून भरून आलेलं, आणि बिचारी टाक-दौत घेऊन परत फिरते, हे मला नवीन होतं. देवळात कुणा बुवाच्या तोंडून इतकं चोख ऐकलं नव्हतं.

"नव्या पादरीबाबाला न्हाई आवडलं," मावशी म्हणाली. "मानूस ग्वाड हाय. पन म्हनला, प्रभूच्या घरात सटवाईला जागा न्हाई. दोन नाताळं झाली, देवळात पाळना बंद. आता पेटीवर इलायती चालीचं गानं आस्तंय. त्यात बर्फ पडतंय म्हनं. हितं कुटं बर्फ पडतंय, दाजीबा?"

"मी दाजीबा नाही, मावशी."

"आसू द्या."

बाराव्या दिवशी नाव ठेवून झालं तरी ती थांबली नाही. आवाज खाली आणून तिनं आणखी एक कडवं म्हटलं, तेरावं:

साळू म्हणे आता मरियाबाई,
तूबी नीज जरा, पोर जागत न्हाई,
जो जो रे जो

"साळू कोण?" मी विचारलं.

"माझी आई. तीबी सुईनच. समदा पाळना तिनंच रचला. समदे पाळने पोराचे आस्त्यात, भाऊ. बारा दिस जिचा डोळ्याला डोळा न्हाई, तिला कोन म्हनतंय, बाई नीज? म्हून हे येक कडवं आईचं." ती पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "पलेगाच्या साली छावनीत नेली तिला. मंग गाडीत भरून कुटं पुरली, काय कळलं न्हाई. ना थडगं, ना फोटू. तिचं नाव आता ह्या कडव्यातच हाय बगा. मी मेले की तितूनबी जाईल."

मी चिंचेचा एक चिचोका उचलून खिशात टाकला, कशासाठी ते देव जाणे.

मी साहेबाचं घड्याळ लावून बसलो होतो. बारा कडवी बरोब्बर तीन मिनिटांत बसत होती. तेरावं तांबड्या रेघेच्या आत जात होतं.

साहेब म्हणाला, "बाईला सांग, जलद गायला."

मावशी म्हणाली, "बाळ निजवायचं का उटवायचं ते इचारा त्याला."

साहेब म्हणाला, मग एखादा दिवस गाळा. मावशीनं विचारलं, कोणता गाळू, दूध मिळायचा का नाव ठेवायचा? साहेब म्हणाला, दिवस बारा, कडवी बारा, तेरावं नको. मावशी म्हणाली, तेरावं नाही तर पाळणाच नाही.

मी दोघांच्या मधे उभा. साहेब रागावला तर नोकरी जाणार, मावशी रागावली तर गाणं जाणार, आणि गाणं गेलं की नोकरी जाणारच. तेव्हा मी साहेबाला सांगितलं, बाई बारा कडव्यांना तयार आहे. आणि मावशीला सांगितलं, साहेब तेराव्याला तयार आहे. दोघंही खूश झाली. दुभाष्याचं काम इतकं सोपं असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रात्री मात्र मला झोप लागली नाही, आणि त्याचा दोष मी करवंदांना दिला.

लोणावळा, गुरुवार

बंगल्यात साहेबानं मोठ्या कल्पकतेनं पाळणा सजवला होता. आंब्याची करंडी, तिला चार दोऱ्या, आत उशी. मावशी आली, तिनं करंडीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"पोर कुटं हाय?"

"पोर नाही. नुसता पाळणा."

"रिकामा पाळना हालवू का मी? आन् वर गाऊ?"

साहेबाला मी समजावलं, की आमच्याकडे रिकामा पाळणा हलवणं अशुभ. आमच्या पुण्यातसुद्धा कुणी पोर रिकामा पाळणा हलवायला लागलं की आई धावत येऊन पाठीत धपाटा घालते. आणि ही तर सुईण, तिच्या धंद्याला हे कसं चालणार? साहेब म्हणाला, मग स्वयंपाक्याला झोपवा आत. त्याच्या आवाजावरून मला वाटलं, तो थट्टा करत नसावा.

तोड मावशीनंच काढली. वडिवळ्यात धोंडूभाऊच्या सुनेला तिनंच मोकळी केली होती, पहिली मुलगी. शुक्रवारी बारावा दिवस, बारसं. मावशीला मानाचं बोलावणं होतंच. "तुमचं नरसाळं तितं घिऊन चला," ती म्हणाली. भोंग्याला तिनं सुरुवातीपासून नरसाळंच म्हटलं.

"पण पाळणा येशूचा, आणि बाळ हिंदूंची मुलगी?" मी विचारलं.

"मंग? निजायचं समद्यांना येकच येतंय."

कामशेत ते वडिवळे, शुक्रवार

कामशेतला गाडीतून उतरून पुढं बैलगाडी. उन्हाला सकाळी आठलाच ऊत आला होता. भातखाचरं रिकामी, ढेकळांनी भरलेली, लांबवर डोंगर धुरकट दिसत होते. मावशी भोंग्याच्या सावलीत बसून आली; एवढी चांगली सोय भोंग्याची आजवर कुणी करून घेतली नव्हती. चार चकत्यांची पेटी साहेबानं मांडीवर धरली होती आणि गोणपाटावर दर पाच मिनिटांनी पाणी शिंपडत होता. ओढ्याच्या उतारावर चाक दगडावर चढलं, साहेब वर उडाला, पेटी खाली आली. एक चकती तडकली. पुढं आंब्याखाली पेटी उघडून बघतो तर दोन चकत्या एकमेकींना अशा चिकटलेल्या की साहेबानं सुरी घातली तरी सुटेनात.

उरली एक.

साहेबानं टोपी काढून घाम पुसला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलला. तो शब्द त्याला कुणी शिकवला ते मला माहीत आहे, पण इथं लिहिता येणार नाही.

धोंडूभाऊच्या घरी तुळईला पाळणा टांगलेला, त्याला लाल-हिरव्या चिंध्या आणि वर लाकडी चिमण्या. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरलेलं. आमच्या पुण्यात बारशाला घुगऱ्या वाटतात त्या ओंजळभर, जणू औषध. इथं टोपलीनं. शिवाय तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. ती मी खाल्ली की नाही हे घरच्या मंडळींनी मला विचारू नये. साहेबानं डाव्या दाढेनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

भोंगा आढ्याला दोरानं टांगला, त्याचं तोंड पाळण्याच्या जरा वर. वीस-पंचवीस बाया दाटीवाटीनं बसल्या. बाळाची आत्या नवलाख उंबऱ्याहून भाचीसाठी नवी कुंची घेऊन आली होती. ती पाळण्याला लागूनच उभी, कारण कानात नाव सांगायचा मान तिचा. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की हू का चू करायचं नाही. साहेबानं मला बजावलं, की यंत्रात एकच चकती आहे, ही गेली तर नाताळ गेला, बारावं कडवं संपलं की तो सुई उचलेल, आणि काही झालं तरी मी सुईला हात लावायचा नाही.

मावशीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "तिरावं घ्यायचं ना?"

"घ्या," मी म्हटलं आणि कपाळ पुसलं.

सुई टेकली. मावशीनं पाळण्याची दोरी धरली आणि सुरू केलं. भोंग्यासमोर भलेभले गवई घाबरतात, खाकरतात, पहिली ओळ गिळतात. मावशीला भोंगा दिसतच नव्हता. ती बाळाकडे बघत होती. उजेड पडला, मेंढपाळ आले, सटवाई येऊन परत गेली. कोपऱ्यात एका म्हातारीनं सटवाईच्या नावानं हात जोडले. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

दहाव्या दिवशी बाळ जागं झालं. पाय झाडायला लागलं, आणि पाळण्याच्या चिमण्या एकमेकींवर आपटून टकटक करू लागल्या. भोंगा अगदी वर! साहेबाचा चेहरा बघवेना. अकराव्या दिवशी त्याला राहवलं नाही. चवड्यांवर चालत तो पाळण्यापाशी गेला आणि चिमण्या धरायला आत वाकला, दोन्ही हात, डोकं, सगळा. त्याच्या हिशेबानं बारावं संपायच्या आत परत यंत्रापाशी यायचं होतं.

मावशी गात होती:

बाराव्या दिवशी नाव ठेविलं,
येशू म्हणूनी कानात सांगितलं

आता हे पुण्यात होतं, कोकणात होतं आणि मावळात तर होतंच. कानात नाव सांगायला पाळण्यात जी वाकते, तिच्या पाठीत जमलेल्या सगळ्या बाया धपाधप बुक्के घालतात. कोण वाकलंय हे बघायची कुणाला सवयच नसते. नाव ठेवायची ओळ आली, पाठ वाकलेली दिसली, की हात आपले आपण उठतात. भात लावून, दळून, कांडून तयार झालेले वीस-पंचवीस हात उठले.

साहेब "ओ!" म्हणाला. मग त्याला म्हणायलाही सवड मिळाली नाही. तो मान वर करायला गेला की पुढच्या बाया मागच्यांना वाट देत होत्या. हू का चू करायचं नाही हे त्यांच्या नीट ध्यानात होतं. एकही बाई बोलली नाही, नुसते बुक्के. आत्या तेवढी कुंची हातात धरून आ वासून उभी होती, कारण तिचा जन्माचा मान कुणीतरी टोपीवाला खात होता.

मी यंत्राकडे पाहिलं. सुई तांबड्या रेघेला टेकली होती. बारावं कडवं संपलं होतं. माझा हात पुढं गेला, खरंच गेला. सुई उचलली असती तर चकती वाचली असती, साहेबाची शाबासकी मिळाली असती. तेवढ्यात मावशीनं आवाज खाली आणला. साहेबाच्या पाठीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "साळू म्हणे," तिनं सुरू केलं, आणि मी हात मागं घेतला, मागं नेऊन धोतराच्या सोग्यात गुंडाळून धरला. मला फार भीती वाटत होती, आणि फार बरंही वाटत होतं. सुई रेघेच्या आत, आणखी आत सरकत गेली. मरियाबाईला नीज म्हणून झालं. जो जो रे, एवढं झालं आणि सुई मधल्या कडेवर जाऊन खर्र करून थांबली.

मग हसण्याचा जो गदारोळ उठला त्यानं बाळ रडायला लागलं. साहेब पाळण्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस उभे आणि हातात एक लाकडी चिमणी.

"सुई का नाही उचललीस?" त्यानं मला विचारलं.

"तुम्हीच हात लावू नको म्हणालात, साहेब."

त्यावर त्यानं ती चिमणी माझ्यावर उगारली. पण त्याला निवांत रागवायला मिळालं नाही. बायांनी त्याला घेरलं. नाव ठेवायला जो वाकला तोच आत्या, आणि आत्यानं बाळाला टोपडं द्यायचं असतं! मी हे साहेबाला समजावून सांगितलं. साहेबानं आपली सोला टोपी डोक्यावरून काढली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बाळाच्या पायाशी ठेवली. खऱ्या आत्यानं मग नाकाचा शेंडा लाल करून बाळाच्या कानात सोनी असं नाव सांगितलं, आणि तिचाही मान राहावा म्हणून बायांनी तिला पहिल्यापासून पुन्हा बदडली.

परतीच्या गाडीत साहेब पालथा झोपून आला.

लोणावळा, नाताळच्या आदल्या दिवशी

कलकत्त्याहून भाद्रपदात पत्र आलं. धोंडूभाऊची डाली पसंत. पाळणा नापसंत, बाईचा आवाज उत्तम, परंतु शेवटी मारहाण ऐकू येते आणि सुई हद्दीबाहेर गेली आहे, सबब विक्रीस अयोग्य. सोबत नमुन्याची एक तबकडी, ऐकून झाल्यावर फोडून टाकण्यासाठी. चकती त्यांनी केव्हाच वितळवली होती.

नमुन्याला कागदाची टिकली नसते. ती काळीभोर तबकडी मी माडीच्या खिडकीत उजेडाला धरली. मधल्या भोकापर्यंत रेषाच रेषा दिसल्या. ती पसंत पडली असती, तर हजार दुकानांत गेली असती, आणि हजार ठिकाणी साळूबाईवर कागद चिकटला असता. मी कंपनीला कळवलं, फोडली. हे माझं त्या वर्षातलं तिसरं खोटं.

डिसेंबरात लोणावळ्याला भलतंच गारठतं. मावशीच्या खोलीत करंज्या तळणं चाललं होतं. आमच्या दिवाळीच्या करंजीत आणि तिच्या नाताळच्या करंजीत मला तरी काही फरक लागला नाही, दोन खाऊन पाहिल्या. पलीकडून देवळातली पेटी ऐकू येत होती. विलायती चाल बसवणं चाललं होतं, ते बर्फाचं गाणं.

मी आधी सगळं सांगून टाकलं. साहेब तेराव्याला कधीच तयार नव्हता, मी दोघांना फसवलं, तबकडी विकली जाणार नाही, कुणी ऐकणार नाही.

"म्हायत व्हतं," मावशी म्हणाली. "तुमचं त्वांड बगूनच कळलं व्हतं. घ्या म्हनला तवा घाम फुटलता तुमाला." मग पिठाचे हात तसेच धरून तिनं हळूच विचारलं, "आईचं नाव आलं का त्यात?"

मी बरोबर आणलेल्या यंत्राला चावी दिली आणि सुई टेकवली.

मावशी पाटावर बसून ऐकत होती. आपलाच आवाज तिला ओळखू येईना. ही कोन बाई, बरी गातीय, असं म्हणाली. चिमण्यांची टकटक आली. बुक्के सुरू झाले आणि साहेब "ओ!" म्हणाला, तशी ती पदर तोंडात घालून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग साळू म्हणे, असं ऐकू आलं, अगदी स्वच्छ, आणि ती हसायची थांबली. डोळ्यांतलं पाणी तेवढं थांबलं नाही. माझीही तीच गत झाली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जो जो रे, एवढं म्हणून तबकडी संपली. शेवटचा जो सुई थांबल्यामुळं राहून गेला होता. मावशीनं तो खोलीत, आपल्या तोंडानं पुरा केला.

"पुन्हा लावू?" मी विचारलं.

"नगं. दाखवा हिकडं."

तिनं हात पुसले, तबकडी घेतली आणि मधल्या भोकाशी, रेषा संपतात तिथं, बोट टेकवलं.

"हितं हाय व्हय आई?"

"हो, तिथंच."

तिनं तबकडी लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली. मी म्हटलं, मावशी, यंत्र नाही तुमच्याकडे, ही वाजवणार कशावर?

"वाजवायची कशाला? आजवर कुनी इचारलं, तुजी आई कुटं पुरलीय, तर गप बसायची मी. आता दावीन."